आफ्रिकेचा इतिहास वाचायचाय, पण सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही डोंबिवलीला राहता आणि मशीद बंदरच्या एका औषध निर्यातीच्या ऑफिसात शिपिंगचे कागद बघता. माल मोंबासा आणि दार-ए-सलामला जातो. पंधरा वर्षं ज्या माणसांशी फोनवर बोलतोय त्यांच्या मुलखाबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही, हे खटकलं म्हणून आफ्रिकेच्या इतिहासावरचं सातशे पानांचं पुस्तक आणलंत आणि नव्वदाव्या पानावर अडकलात. आता विचारताय की आधीचं सगळं सोडून सरळ १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेपासून सुरुवात केली तर चालेल का, आणि एकूण वेळ किती लागेल.

मी मुंबईतल्या एका कॉलेजात सव्वीस वर्षं इतिहास शिकवला. आफ्रिकेचा भाग दरवर्षी माझ्याच गळ्यात पडायचा, कारण दुसऱ्या कुणालाच तो नको असायचा. त्यामुळे नव्वदाव्या पानावर अडकलेली मुलं मी बरीच पाहिली आहेत. दोष चिकाटीचा नसतो. ‘आशियाचा इतिहास’ नावाचं एकच पुस्तक घेऊन जपानपासून तुर्कस्तानपर्यंत कुणी वाचायला बसत नाही. आफ्रिकेच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो. आज ५४ देश, भाषा दोन हजारांच्या आसपास, आणि आपण म्हणतो, एक पुस्तक पुरे. नकाशावर जरा अंतर मोजून बघा: मोंबासाहून पश्चिमेकडच्या मालीतलं टिंबक्टू जितकं लांब आहे, त्यापेक्षा मुंबई जवळ आहे. तुमच्या गिऱ्हाइकाच्या पूर्वजांचा मालीच्या सुलतानाशी काही संबंध आला असेल, त्यापेक्षा आपल्या बाजूच्या व्यापाऱ्यांशी आला असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

म्हणून खरा प्रश्न ‘कुठल्या सालापासून’ हा नाही, ‘कुठल्या किनाऱ्यापासून’ हा आहे. तुम्ही जर म्हणाला असतात की आमचा माल लागोसला जातो, तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. परीक्षेसाठी वाचत असतात तर त्याहून वेगळं. तुमचा माल मोंबासाला जातो, म्हणून तुमच्यासाठी सोमालियापासून मोझांबिकपर्यंतची पट्टी, म्हणजे स्वाहिली किनारा. बाकीचा खंड दोन वर्षं जिथे आहे तिथेच राहील, कुठे जात नाही.

आता बर्लिनचं. तिथून सुरुवात करू नका. त्याचं पहिलं कारण असं की बर्लिनबद्दल सगळ्यांना जे माहीत असतं ते बरंचसं चूक असतं. चौदा देशांचे प्रतिनिधी टेबलाभोवती बसले आणि पट्टी-पेन्सिल घेऊन खंड कापला, अशी गोष्ट आपण शाळेत ऐकतो. प्रतिनिधींत एकही आफ्रिकन नव्हता, हे खरं. पण परिषदेत मुख्यतः नियम ठरले: काँगो आणि नायजर नद्यांवर व्यापाराला मोकळीक, आणि किनाऱ्यावर नव्याने हक्क सांगायचा असेल तर बाकीच्यांना कळवायचं आणि ताबा प्रत्यक्षात दाखवायचा. सीमा नंतर, दोघादोघांच्या करारांतून पडल्या. तुमच्या कामाची रेघ, म्हणजे केनिया आणि टांझानिया यांच्यामधली, मुळात १८८६ च्या इंग्रज-जर्मन करारातली आहे. उंबा नदीच्या मुखापासून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणारी. मासाई लोकांची गुरं आणि कुरणं तिने मधोमध चिरली. या रेषेला किलीमांजारोपाशी बाक आहे. व्हिक्टोरिया राणीने तो डोंगर नातवाला, म्हणजे कैसरला, वाढदिवसाला दिला ही कथा तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. ती कथाच आहे. १८८६ ला नातू अजून कैसर झालाही नव्हता.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. १८८५ ला सुरुवात केली की पहिल्या पानावर युरोपीय माणूस हलतो आणि आफ्रिकन माणूस हलवला जातो. एकदा तसं वाचायची सवय लागली की पुढची सगळी पानं तशीच दिसतात. १९६३ साली ऑक्सफर्डच्या एका नामांकित प्राध्यापकाने जाहीरपणे सांगितलं होतं की आफ्रिकेचा इतिहास म्हणजे तिथल्या युरोपियनांचाच इतिहास, बाकी अंधार. केनिया स्वतंत्र झाला तो त्याच वर्षी डिसेंबरात.

पुस्तक निवडायची माझी एक साधी चाचणी आहे, दुकानात उभ्या उभ्या करता येते. अनुक्रमणिका उघडा आणि युरोपीय लोक कुठल्या पानावर येतात ते बघा. पुस्तक चारशे पानांचं असेल आणि ते तिसाव्या पानावर आले, तर पुस्तक परत ठेवा. मग शेवटची सूची उघडा. एखादं पान निवडून त्यात आफ्रिकन माणसांची नावं किती आणि गव्हर्नर-मिशनऱ्यांची किती ते मोजा. दोन मिनिटांचं काम आहे. या चाचणीत नापास झालेली पुस्तकं माझ्याही कपाटात आहेत आणि त्यातली काही मी वर्षानुवर्षं वर्गात वापरली आहेत. युनेस्कोने आफ्रिकेचा आठ खंडांचा इतिहास काढलाय, तो इंटरनेटवर फुकट मिळतो. पण तो पहिल्या दिवशी उघडू नका. सातशे पानांत अडकलेल्या माणसाला आठ खंड देणं म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला सरळ ससून डॉकवरून ढकलणं.

मग हातात काय घ्यायचं? एक वस्तू. मुलांना मी कापड द्यायचो, तुम्हालाही तेच सुचवेन, कारण मुंबईकराला गिरणी आणि कापड वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

वाऱ्यापासून सुरुवात करा. दिवाळीनंतर ईशान्येचा वारा धरला की कच्छ-काठियावाडची गलबतं आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागायची आणि वारा फिरला की नैऋत्येचा धरून परतायची. आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, त्यामागे आहे तोच मोसम. मधले काही महिने व्यापाऱ्याला तिथेच थांबावं लागायचं. त्या थांबण्यातून घरं झाली, लग्नं झाली, उधारीच्या वह्या झाल्या. किल्वा, मोंबासा, मालिंदी ही शहरं वास्को द गामा १४९८ ला पोचला तेव्हा कित्येक शतकं जुनी होती. इब्न बतूता १३३१ मध्ये किल्व्याला जाऊन आला होता. स्वाहिली भाषेत अरबी शब्द भरपूर आहेत, पण तिचा सांगाडा बांटू, म्हणजे अस्सल आफ्रिकन आहे. आपलेही काही शब्द त्यात जाऊन बसलेत: पैशाला पेसा, लाखाला लाकी, गाडीला गारी, विम्याला बीमा, आणि चपाती तर चपातीच.

कापड भारतातून जायचं, हस्तिदंत यायचा. १८३० च्या दशकापासून अमेरिकन जहाजांनी जाडंभरडं, न धुतलेलं सुती कापड आणायला सुरुवात केली. त्याला तिकडे मेरिकानी म्हणत. आतल्या प्रदेशात ते चलनासारखं चालायचं. तांड्याच्या वाटेवरच्या प्रमुखाला जकात म्हणून अमुक इतके हात कापड द्यावं लागे. मग १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि तो पुरवठा आटला. त्याच चार वर्षांत मुंबईत कापसाच्या सट्ट्याने काय धुमाकूळ घातला ते आपल्याला माहीत आहे. शहरातली पहिली गिरणी १८५४ ला स्थापन झाली होती. १८८० च्या दशकापर्यंत मुंबईच्या गिरण्यांचं कापड टांझानियाच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटाच्या बाजारात मेरिकानीला हुसकावू लागलं. नाव मात्र मेरिकानीच राहिलं. पुढे इंग्रजांनी युगांडात कापूस लावायला लावला आणि तो कापूस इथल्या गिरण्यांत येऊ लागला. म्हणजे एकच धागा धरलात तर वारा, व्यापार, चलन, अमेरिका, गिरणगाव, वसाहतीतली शेती, सगळं आपोआप ओवलं जातं. सनावळी पाठ करावी लागत नाही.

जर्मनांनाही स्वतःचा कापूस हवा होता. त्यांनी टांगानिकाच्या, म्हणजे बेटं सोडून आजच्या टांझानियाच्या, दक्षिणेत गावोगावी कापसाची सक्ती केली. १९०५ मध्ये त्यातून माजी माजी उठाव झाला. माजी म्हणजे पाणी. मंतरलेलं पाणी अंगावर घेतलं की बंदुकीच्या गोळीचं पाणी होतं, अशी श्रद्धा होती. हे वाचून वर्गात दरवर्षी कुणीतरी हसायचं. मी एवढंच सांगायचो की त्या पाण्याने वेगवेगळ्या भाषा बोलणारे, एरवी एकमेकांशी भांडणारे लोक एका लढाईत आणले. आपल्याकडे १८५७ ला गावोगाव फिरलेल्या चपात्यांचं काय ते आधी सांगा. जर्मनांनी उभी पिकं जाळली. बहुतेक माणसं गोळीने मेली नाहीत, दुष्काळाने मेली. आकडा पाऊण लाखापासून तीन लाखांपर्यंत सांगतात, आणि तो इतका का हलतो हा इतिहासाचाच प्रश्न आहे: मेलेल्यांची मोजदाद करायला कुणी बसलंच नव्हतं.

धाग्याबरोबर एक माणूसही धरा. मी सिदी मुबारक बाँबे निवडतो. आजच्या टांझानिया आणि मोझांबिकच्या सीमेकडचा, याओ समाजातला मुलगा, गुलाम म्हणून पकडला गेला, झांझिबारमार्गे भारतात विकला गेला. मालक वारल्यावर सुटला, परत गेला, आणि नावाला बाँबे चिकटलं ते कायमचं. बर्टन आणि स्पीक नाईलचा उगम शोधायला निघाले ते डिसेंबर १८५६ मध्ये मुंबईहूनच. तिकडे बाँबे त्यांना मिळाला आणि त्याच्याशी ते हिंदुस्थानीत बोलायचे. जरा कल्पना करा: मध्य आफ्रिकेतल्या सरोवराच्या काठावर दोन इंग्रज आणि एक याओ माणूस, आणि मधली भाषा आपल्या भेंडीबाजारात चालेल अशी. पुढे वर्तमानपत्राचा बातमीदार स्टॅनली हा मिशनरी-प्रवासी लिव्हिंगस्टनला शोधायला गेला तेव्हाही बाँबे होता, कॅमेरून नावाच्या इंग्रज प्रवाशाने पूर्वेकडून पश्चिमेकडे खंड ओलांडला तेव्हाही. ‘शोध’ हा शब्द पुस्तकात दिसला की मला वाट दाखवणारा तो आठवतो.

आणि नाशिक. शरणपूर रोडवरून तुम्ही शंभरदा गेला असाल. इंग्रज आरमाराने अरबी समुद्रात पकडलेल्या गुलामांच्या गलबतांवरची मुलं मुंबई बंदरात उतरवली जात, आणि त्यातली बरीच शरणपूरच्या मिशनमध्ये ठेवली जात. सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी शिकत. तिथे शिकलेला जेकब वेनराइट लिव्हिंगस्टनचा मृतदेह घेऊन १८७४ मध्ये इंग्लंडला पोचला. नंतर नाशिकच्या या लोकांना मोंबासाजवळ नेऊन वसवलं, त्या वस्तीचं नाव फ्रेरटाउन. मुंबईचा माजी गव्हर्नर बार्टल फ्रेर, ज्याच्या काळात कोटाची तटबंदी पाडली, ज्याच्या नावाचा पूल ग्रँट रोडला आहे, तोच.

इथपर्यंत वाचून बरं वाटतं. आपलीच माणसं, आपलंच शहर. म्हणून आता नावडतं सांगतो, कारण मुंबईकडून आफ्रिका वाचण्यात हाच धोका आहे की गोष्ट आपल्या अभिमानाची होऊन बसते. ते हस्तिदंत किनाऱ्यापर्यंत बहुतेक वेळा माणसांच्या डोक्यावरून यायचं आणि त्या माणसांतले कित्येक पुढे स्वतःच विकले जायचे. त्या तांड्यांना भांडवल झांझिबारच्या भारतीय पेढ्यांतून मिळायचं. झांझिबारची जकात वसूल करण्याचा मक्ता अनेक वर्षं जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता. तिथल्या भारतीयांच्या घरीदारी गुलाम होते. मुंबई लष्करातून कॉन्सल, म्हणजे इंग्रज सरकारचा वकील, म्हणून गेलेल्या रिग्बीने १८६० च्या सुमारास ते सोडायला लावले, तेव्हा हजारो गुलाम सुटले. काही कच्छी व्यापाऱ्यांचं म्हणणं असं होतं की आम्ही कच्छच्या रावांची प्रजा, इंग्रजांचा कायदा आम्हाला लागू नाही. झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला तो १८७३ मध्ये. हे प्रकरण वगळून आमच्याकडे ‘भारत-आफ्रिका जुने संबंध’ अशी व्याख्यानं होतात. मीही दिली आहेत.

माझी एक चूक सांगतो, म्हणजे तुमची वाचेल. मी सात-आठ वर्षं वर्गात सांगत होतो की मोंबासाहून आत जाणारी युगांडा रेल्वे बांधायला भारतीय मजूर नेले आणि तेच पुढे तिथे दुकानदार झाले. ऐकायला छान, वर्तुळ पूर्ण होतं. मग एकदा आकडे शेजारी शेजारी मांडले. १८९६ ते १९०१ या काळात सुमारे ३२ हजार मजूर नेले, मुख्यतः पंजाबातून, कराचीहून. अडीच हजारांच्या आसपास मेले. पावणेसात हजारांच्या आसपास मागे राहिले, बाकीचे परत आले. गावोगावी दुकानं टाकणारे बरेचसे कच्छ-गुजरातचे, स्वतःचं तिकीट काढून आलेले, आणि त्यांचा व्यापार रेल्वेच्या कितीतरी आधीचा. दोन वेगळ्या प्रवाहांना मी एका वाक्यात बांधलं होतं. त्या वर्षी मुलांना ते खोडायला लावलं, पण आधीच्या सात वर्षांच्या मुलांच्या वह्यांत ते तसंच आहे.

साधनांबद्दल एक गोष्ट, जी मराठी वाचकाला सोपी जावी. पुस्तकात लिहिलेलं असेल की आफ्रिकेत लेखी साधनं नव्हती. किल्व्याची बखर आहे. मी मुद्दाम बखर म्हणतो. एक रूप पोर्तुगीज इतिहासकाराने सोळाव्या शतकात उतरवून घेतलेलं, दुसरं अरबीत. त्यात शहराचे संस्थापक इराणच्या शिराझहून आले असं आहे. उत्खनन मात्र दाखवतं की ही शहरं तिथल्याच गावांतून हळूहळू वाढली. मग बखर खोटी का? आपण आपल्या बखरी जशा वाचतो तशी ती वाचा: कुणी लिहिली, कुणासाठी, कुठल्या घराण्याला मोठं कुळ हवं होतं. ज्याने एकदा तरी मराठ्यांच्या बखरीतली सैन्याची आकडेवारी बघून भुवया उंचावल्या आहेत, त्याला ही विद्या नव्याने शिकायला नको. दक्षिणेकडच्या ग्रेट झिंबाब्वेच्या दगडी भिंतींचं याच्या उलट: तिथे उत्खननाने १९०५ मध्ये आणि पुन्हा १९२९ मध्ये सांगितलं की बांधणारे आफ्रिकनच, आणि गोऱ्या ऱ्होडेशियाला, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतल्या तेव्हाच्या गोऱ्या राजवटीला, ते पुढची कित्येक वर्षं पटवून घ्यायचं नव्हतं.

कागद प्रत्यक्ष बघायचे असतील तर तुमच्या ऑफिसपासून ते चालत जाण्यासारखे आहेत. झांझिबारचं कॉन्सलेट बराच काळ मुंबई सरकारच्या हाताखाली होतं, त्यामुळे तो पत्रव्यवहार काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात आहे. पहिल्या वर्षी जायची गरज नाही. पण गेलात तर एक जाणवेल: तिकडचा कारभार इथल्याच छापाचा होता. पूर्व आफ्रिकेत १९२० पर्यंत रुपया चालायचा आणि केनियात १९३० पर्यंत आपलीच दंड संहिता.

शब्दांबाबत एवढंच: ‘टोळी’ हा शब्द वापरणं सोडा. केनियातले किकुयू ऐंशी लाखांच्या वर आहेत. इतक्या माणसांची एक भाषा, शेती, वर्तमानपत्रं, राष्ट्राध्यक्ष असले तर आपण त्याला टोळी म्हणत नाही.

आणि स्वातंत्र्याच्या दिवशी पुस्तक मिटू नका. टांगानिका १९६१, युगांडा १९६२, केनिया १९६३ इथे बहुतेकांचं वाचन संपतं. झांझिबार डिसेंबर १९६३ मध्ये स्वतंत्र झालं आणि महिनाभरात तिथे क्रांती होऊन अरब सुलतान पळाला. एप्रिलमध्ये ते टांगानिकाशी जोडलं गेलं आणि टांझानिया झाला. १९७२ ला तिथला हुकूमशहा इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत बाहेर काढलं. ते अमानुष होतं. पण वर सांगितलेल्या उधारीच्या वह्या माहीत नसतील तर ते कुणा वेड्या हुकूमशहाची लहर एवढंच वाटेल.

वेळ. डोंबिवली ते मशीद म्हणजे गाडीत तासाभराहून जास्त. बसायला मिळालं तर वीस पानं, उभं राहिलं तर शून्य. ते माझ्या हातात नाही, तुमच्याही. मी साधारण असं सुचवेन: तीन महिने फक्त किनारा आणि वारा, तीन महिने कापड-हस्तिदंत-गुलाम, मग १८८५ ते १९२०, मग पुढचं. वर्ष लागेल. एक वही करा, डाव्या पानावर काय वाचलं, उजव्या पानावर ते कुणी सांगितलंय. उजवं पान रिकामं राहिलं तर डाव्यावर विश्वास ठेवू नका. इंग्रजी वाचावंच लागेल, मराठीत सलग असं फार थोडं आहे. नव्वदाव्या पानावरची खूण तशीच राहू द्या, ते पुस्तक दुसऱ्या वर्षी उपयोगी पडेल.

तोवर मोंबासाच्या गिऱ्हाइकाचा फोन आला की त्याला विचारा, तुमच्याकडे न्यालीजवळ केंगेलेनी नावाची जागा आहे ना, ते नाव कशावरून पडलं? केंगेले म्हणजे घंटा, शेवटचं ‘नी’ म्हणजे आपलं ‘पाशी’. ती घंटा फ्रेरटाउनची आहे. गुलाम पकडणारे येताना दिसले की वाजवायची.